केवलरामचा राजीनामा

मंडईच्या दिवशी केशोरीच्या कापगत्यांकडे दोन चुली पेटायच्या. एकीवर घरच्यांचा आणि पाहुण्यारावळ्यांचा भात, दुसरीवर फक्त मुन्नालाल शेटजींच्या पुऱ्या. शेटजी गोंदियाचे, बिडीच्या कारखान्याचे मालक, जातीने वाणी. कापगते कोहळी जातीचे, त्यांच्या घरचा भात शेटजींना चालत नसे, पण तुपात तळलेलं सगळं चालत असे. "तुपानं जात धुऊन निघते," असं देवकाबाई सुनांना सांगायची आणि कढईत सढळ हाताने तूप सोडायची. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दूरदूरचे सोयरे येतात आणि त्यांच्या देखत गोंदियाचा शेट आपल्या ओसरीवर बसून जेवतो, याचं तिला फार अप्रूप होतं.

पण त्या सदतीस सालच्या मंडईला तिचं कढईत लक्ष नव्हतं. पहिला घाणा करपला, दुसरा कच्चा निघाला. तिसऱ्याला थोरली सून शामकला तिच्या हातातून झारा काढून घेत म्हणाली, "आत्याबाई, तुमी बसा. पुऱ्यांनी तुमचं काय बिघडवलं?"

"शेटजी येनार नाई आज," देवकाबाई म्हणाली. "राजीनामा वाचून कोन जेवाले येते, बाप्पा?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. धाकटा केवलराम शेटजींच्या अर्जुनीच्या कारखान्यात चेकर होता. बायका घरी वळलेल्या बिड्या सुपात घालून आणत. केवलराम त्या तपासायचा, चांगल्या ठेवायचा, वाईट बाजूला टाकायचा. त्या टाकण्याला कारखान्यात छाट म्हणत, आणि छाटलेल्या बिड्यांचे पैसे मिळत नसत. आता गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनाची जागा निघाली होती. साहेबाने केवलरामला पाहिलं, हिशेब करायला लावला, पसंतही केलं, पण एक अट घातली. सध्याच्या मालकाची चिठ्ठी आण. माणूस कसा आहे, इमानदार आहे की नाही, हे मालकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पाहिजे. चिठ्ठीशिवाय मी गोदामाची किल्ली कोणाच्या हाती देत नाही. सोमवारपर्यंत चिठ्ठी आली तर जागा तुझी, नाहीतर दुसऱ्याची. आणि आज शुक्रवार होता.

घरात ही गोष्ट एका माणसाला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. तो एक माणूस म्हणजे घरधनी बिसराम. रेल्वेचं नाव पहिल्यांदा निघालं तेव्हाच त्याने ताटावर हात आपटून सांगितलं होतं, "शेटजीले सोडनं म्हंजे माया जबानीवर थुंकनं. ह्या घरात पुन्हा रेल्वेचं नाव काढू नोका." मग रेल्वेचं नाव कोणी काढलं नाही. नाव न काढता नोकरी मात्र पाहिली. आणि परवा, शेटजी देवपूजेला बसले असताना, केवलराम त्यांच्या गादीवर राजीनामा ठेवून पळून आला. चिठ्ठीची विनंती त्याने त्याच कागदात खाली, हात जोडून लिहिली होती. समोर उभं राहून बोलायची छाती त्याला झाली नव्हती.

तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले होते. केवलरामची बायको रुख्मा रेल्वेच्या बाजूची. गोंदियात क्वार्टर मिळतो आणि क्वार्टरच्या दारात नळ असतो, असं तिच्या भावाने तिला सांगितलं होतं, त्यामुळे तिचं मत नळातून यावं तसं धो धो येई. थोरला चैतराम विरुद्ध बाजूला. पण त्याची स्वतःची बायको शामकला त्याला सोडून दिराच्या पक्षात गेली होती, आणि का, ते सांगत नव्हती. "जाऊ द्या भाऊजीले," एवढंच म्हणे. देवकाबाईचं म्हणाल तर ज्या लेकाचं तोंड उतरलेलं दिसे, ती त्याच्या बाजूला जाई. दोन्ही लेकांची तोंडं आळीपाळीने उतरत, त्यामुळे तिचा फार गोंधळ उडाला होता.

विहिरीपाशी चैतराम बैलांना पाणी पाजत होता. केवलराम कठड्यावर बसून नुसता बघत होता.

"बाबाले सांगून टाक," चैतराम म्हणाला.

"शेटजी आले का आपोआप समजन."

"अन् आले नाई तं?"

"तं चिठ्ठी गेली, अन् नोकरी बी गेली. दोनी बी."

"तं मंग घरी बस. मायासंगं धान काप." चैतराम हे रागाने म्हणाला, पण मग बादली खाली ठेवून खरं ते बोलला. "तू अर्जुनीले हायेस तं आठ दिवसांनी तोंड दिसते, केवल. रेल्वेवाल्याचं काय, आज गोंदिया, उद्या बंगाल. बाबा म्हतारा झाला. मी कोनासंगं भांडू?"

तेवढ्यात रस्त्यावरून घुंगरांचा आवाज आला आणि शेटजींची बैलांची दमनी दारात येऊन थांबली.

शेटजी उतरले ते हसतच. अंगात नवा कोट, हातात पेढ्यांची टोपली. ओसरीवरच्या सोयऱ्यांना रामराम करायच्या आधी त्यांनी केवलरामला दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"वाह बेटा," शेटजी म्हणाले. "तुम्हारा राजीनामा देखा. जी खुश हो गया. सीधा भगवान के सामने रख दिया मैंने."

केवलरामचे हात लोंबकळतच राहिले.

"अब अगहन का महीना लगते ही केशोरी की गादी खोल देंगे. जगह मैंने देख ली है. तू मालिक के माफिक बैठना, घर का घर, काम का काम." शेटजींनी त्याची पाठ थोपटली आणि ओसरी चढले.

केवलरामच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. दसऱ्याला शेटजी त्याला म्हणाले होते की केशोरीत नवी शाखा काढतो, तू सांभाळशील का, विचार करून कळव. तो कळवायचा राहिला होता. शेटजींनी कागदावरचा पहिला मोठा शब्द वाचला होता, आणि त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ होता, मी राजी आहे. खालच्या मराठीत ते शिरलेच नव्हते.

तो सरळ स्वयंपाकघरात गेला. त्याच्या मागोमाग चैतराम.

"माय, शेटजीले समजलंच नाई. मी नोकरी सोडून राहिलो, अन् ते समजले का मी राजी झालो."

रुख्मा लाटणं हातात घेऊनच उठली. "मंग सांगा ना जाऊन."

"कोनी काई सांगू नोका," चैतराम म्हणाला. त्याचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला होता. "केशोरीतच गादी. घरूनच कामाले जाईन थो. ह्याच्यात वाईट काय हाये? देवाच्या मनात हाये म्हनूनच असं झालं."

"देवाच्या मनात नाई, तुमच्या मनात हाये," शामकला पुरी तळता तळता म्हणाली.

"तू गप राय. तुले काऊन एवढी घाई झाली त्याले धाडाची?"

"हाये माया कारन."

देवकाबाईने दोन्ही हात वर केले. "पहिले पाव्हना जेवन. जेवल्यावर सांगजा. उपाशी मानसाले असं सांगत नाईत. पुऱ्या तुपातल्या हायेत, वाया जातीन." घरातला हा निवाडा दोन्ही पक्षांना मान्य झाला, कारण त्यात कोणालाच लगेच काही करायचं नव्हतं.

पण ओसरीवर बिसराम बसला होता, हे सगळे विसरले.

बिसरामला कानाने थोडं कमी ऐकू येत असलं तरी राजीनामा हा शब्द त्याने स्वच्छ ऐकला होता. आणि त्याला तो चांगला माहीत होता. मागच्या साली गावच्या कोतवालाने राजीनामा दिला, म्हणजे कोतवाली सोडली. म्हणजे पोराने आपल्याला न विचारता नोकरी सोडली. त्याच्या मस्तकात तिडीक गेली. आत जाऊन पोराच्या कानाखाली आवाज काढावा म्हणून तो उठणार, तोच शेटजींनी त्याच्या तळहातावर पेढा ठेवला.

"हे कायचे?" बिसराम म्हणाला.

"राजीनामे के, बिसरामभाऊ. मुँह मीठा करो."

बिसरामने पेढ्याकडे पाहिलं. मग सोयऱ्यांकडे पाहिलं. सगळे पेढे खात होते. पोरावरचा राग त्याच्या मनात होता तिथेच थांबला आणि हळूहळू वळून शेटजींकडे निघाला. कोतवाल गेला तेव्हा गावाने पेढे वाटले नव्हते, आणि तो कोतवाल तर दारू प्यायचा.

"शेटजी," तो म्हणाला, "माया पोट्टा एवढा नकोसा झाला होता काय तुमाले?"

"नकोसा?" शेटजी हसले. "हीरा है हीरा. दूसरी जगहों से माल वापस आता है, अर्जुनी की बिड़ी का एक बंडल आज तक वापस नहीं आया. ऐसा आदमी मैंने पूरी जिंदगी में नहीं देखा."

"हिरा हाये, अन् थो गेला तं पेढे वाटता?"

"गया? अभी तो अंदर गया."

"अंदर नाई. तुमच्याकडून गेला. राजीनामा देल्ला ना त्यानं?"

"हाँ तो दिया ना."

"मंग गेला ना."

"अरे, राजीनामा दिया तो जाएगा कैसे? राजी हुआ है वो," शेटजी आता जरा मोठ्याने बोलू लागले, कारण म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल असं त्यांना वाटलं. "राजीनामा मतलब दोनों तरफ से राजी. भंडारे की कचहरी में दो भाई लड़ते हैं, सुलह हो जाती है, उसको राजीनामा बोलते हैं."

"आमच्यात नोकरी सोडली का राजीनामा म्हनतेत."

"उसको तो इस्तीफा बोलते हैं."

एका सोयऱ्याने अर्धा खाल्लेला पेढा हळूच टोपलीत परत ठेवला. शेटजींनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याला कुंकू लागलं होतं.

"केवलराम," त्यांनी हाक मारली. "इधर आ. पढ़."

केवलराम बाहेर आला. त्याच्या मागे दारात सगळं घर जमलं. त्याने कागद घेतला आणि वाचला. त्याने एकही ओळ गाळली नाही. नोकरी सोडत आहे, आजवरच्या उपकारांची जाणीव आहे, रेल्वेच्या साहेबांसाठी वागणुकीची चिठ्ठी द्यावी ही हात जोडून विनंती. वाचून झाल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला.

बिसरामला आता दोघांपैकी कोणावर रागवावं ते कळत नव्हतं. पोराने चोरून केलं, हे खरंच. पण हिरा हा शब्दही त्याच्या कानात बसला होता. इतकी वर्षं त्याने पोराला कामाचं विचारलं की "बरं हाये" एवढंच उत्तर मिळे.

शेटजींनी विचारलं, "क्या कमी पड़ी तुझे?"

"कमी काई नाई, शेटजी. तुमी लेकरासारखं वागवलं." केवलरामने मान वर केली. "पन रोज सांजेले बाया सुपं घेऊन रांगेत उभ्या रायतेत. कोनी दिवसभर वावरात खपून रातच्याले बिड्या वळलेल्या रायते, कोनी बाळंतीन रायते. त्या माया तोंडाकडं नाई पाहात, माया हाताकडं पाहातेत. हात डाव्या बाजूले गेला का त्याईचं तोंड उतरते. मी बरोबर छाटतो, पन बरोबर छाटलं म्हनून मले झोप येत नाई. मालधक्क्यावर पोतं फाटकं निघालं तं मी लिहून टाकीन का फाटकं हाये. पोतं माया तोंडाकडं पाहून रडनार नाई."

शेटजींना आपल्या एकेका कारखान्याची सांज आठवली. अर्जुनीच्या रांगेत भांडण कधी झालं नव्हतं. बाकीच्या ठिकाणी रोज शिव्या, रोज रडारड, एकदा तर एका बाईने चेकरच्या डोक्यात सूप घातलं होतं. अर्जुनी शांत असते ती आपल्या व्यवस्थेमुळे, असं ते आजवर लोकांना सांगत आले होते. आता त्यांना कळलं की ती शांतता या पोराने रोज स्वतःच्या जिवावर झेललेली होती. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते हट्टाला पेटत.

"चिठ्ठी नहीं दूँगा," ते म्हणाले. "अच्छी लिखूँगा तो वो लोग तुझे रख लेंगे. खराब लिखूँगा तो वो झूठ होगा. इसलिए लिखूँगा ही नहीं."

रुख्माने पदर तोंडाला लावला. चैतरामला आनंद व्हायला हवा होता. पण भावाचा चेहरा पाहिल्यावर त्याला तो होईना. तो पुढे होऊन केवलरामच्या शेजारी उभा राहिला, आणि दोन दिवस टिकलेला पक्ष त्याने तिथेच सोडला.

"द्या ना शेटजी," तो म्हणाला. "जाऊ द्या त्याले. मी करन बाबासंगं भांडन एकटाच."

"नहीं."

तेव्हा बिसराम उठला. त्याने पेढा ओट्याच्या कडेला ठेवला, धोतर सावरलं आणि शेटजींसमोर उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता पोराला ओरडणार.

"शेटजी, हा लहान होता तवा मी याले घेऊन तुमच्या दारात आल्तो. तुमी इचारलं का पोट्टा कसा हाये. याच्याकडं कोनती चिठ्ठी होती? मीच म्हनलो, इमानदार हाये, ठेवून घ्या. तुमी बापाच्या जबानीवर ठेवलं."

"रखा," शेटजी म्हणाले.

"मंग माया पोट्टा मले न इचारता जाऊन राहिला, त्याचं मी पाहीन. पन मले एवढं लिहून द्या का बापाची जबान खरी निघाली का खोटी. मले वाचता येत नाई. याले वाचता येते."

शेटजी त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "दवात लाओ."

दौत आली, टाक आला, सोयऱ्यांनी जागा करून दिली. पण शेटजींनी टाक बुडवला आणि ते अडकले. आजवर त्यांनी कोणालाच अशी चिठ्ठी दिली नव्हती. जाणारा माणूस पाया पडे, ते आशीर्वाद देत, संपलं.

"क्या लिखूँ?"

"लिहा का पहाटीले उठते," देवकाबाई म्हणाली.

"कवा उठते?" रुख्मा म्हणाली. "मी उठवतो तवा उठते."

"लिहा का शांत हाये."

"इमानदार लिहा," चैतराम म्हणाला.

"इमानदार सब लिखते हैं," शेटजी म्हणाले. "हर चोर की चिठ्ठी में लिखा रहता है. साहब मानेगा कैसे?"

तेव्हा दाराआडून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, शामकला बोलली. परक्या माणसासमोर ती कधी बोलत नसे, पण आज तिला राहवलं नाही.

"मी सांगतो. धान कापून झाले का मी बी बिड्या वळतो, शेटजी. अर्जुनीले माया मायघरी गेली का तिथून नेऊन देतो. साऱ्या रांगेत कोनाच्या जास्त छाटल्या जात असतीन तं माया. बाजूच्या बाईच्या जशा वळल्या, तशाच माया वळलेल्या, तिच्या पास, माया डाव्या बाजूले. काऊन, तं लोक म्हनतीन भावजयीले सोडलं. मी घरी याले ऊन ऊन भात वाढतो, अन् हा तिथं मले वळखत नाई." ती दम खायला थांबली. "म्हनून मी म्हनून राहिली होती का जाऊ द्या याले रेल्वेत. तिथं याले भावजय नाई."

आधी देवकाबाई हसली. मग चैतराम इतका हसला की त्याला खांब धरावा लागला. सोयरे हसले, रुख्मा हसली, आणि बिसरामला ऐकू न आल्यामुळे त्याला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं, तेव्हा तो सगळ्यांपेक्षा जास्त हसला. केवलराम मात्र लाजून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

शेटजींनी डोळे पुसले आणि लिहायला घेतलं. मधे एकदा त्यांनी विचारलं, "भाभी का नाम?" आणि शामकलाने जीभ चावून नाव घालू नका म्हणून सांगितलं. पुऱ्या थंड होत होत्या, पण देवकाबाईने हाक मारली नाही. शेवटी शाई वाळावी म्हणून त्यांनी कागदावर माती भुरभुरली, झटकली आणि तो केवलरामच्या हातात दिला.

"पढ़. सबको सुना."

शेटजींची हिंदी मराठीत फिरवत केवलरामने वाचलं. केवलराम कापगते आमच्या अर्जुनीच्या कारखान्यात काम करतो. त्याच्या बापाने तो इमानदार आहे असं सांगितलं होतं, ते खरं निघालं. त्याने सख्ख्या भावजयीचा माल छाटला पण सूट दिली नाही, आणि तरी ती भावजय त्याला आजही जेवू घालते. ज्या हातात आमचा माल होता, त्या हातात किल्ली द्यायला साहेबांनी भिऊ नये.

बिसराम एकेक शब्दावर मान डोलवत होता. इथवर आल्यावर केवलराम थांबला. कागदावर अजून एक ओळ होती. शेटजींनी ती सगळ्यात खाली, बारीक अक्षरात लिहिली होती. भेजने का मन नहीं था, बेटा, फिर भी भेज रहा हूँ.

त्याने ती मनात वाचली. पुन्हा वाचली.

"काऊन थांबला?" बिसराम म्हणाला. "खाली आनखी काई लिहून दिसून राहिलं मले."

"काई नाई, बाबा. शेटजीची सही हाये."

बिसरामने पुढे वाकून कागदाकडे पाहिलं. "एवढी लांब सही?"

शेटजी टोपी डोक्यावर घालत होते. ती नीट बसेना म्हणून त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

"हमारा नाम लंबा है, बिसरामभाऊ," ते म्हणाले.